नाशिक क्षेत्रातील मृतांच्या स्मृती : अस्थी, समाधी आणि कबरी

नाशिक येथे गोदावरीच्या काठी महाराष्ट्राच्या दूरदूरच्या भागांतून मृतांच्या अस्थी आणल्या जातात. त्या पाण्यात सोडल्यानंतर मृताच्या देहाची कोणतीही खूण त्या स्थळी उरत नाही; किंबहुना ती उरू नये हाच त्या विधीचा हेतू होय. उलटपक्षी, इंग्रजी अमदानीत ह्या परिसरात ज्यांची नावे थडग्यांच्या दगडांवर कोरली गेली, त्यांत परदेशाहून आलेले धर्मोपदेशक, अधिकारी व सैनिक होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा ह्या नगराशी आलेला संबंध अल्पकाळाचा होता. ह्या विरोधामुळे अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. केवळ दफनभूमीतील लेख वाचून त्याने नाशिकचा इतिहास लिहावयाचे ठरविले, तर ते नगर परक्यांचे होते असे दिसेल. आणि केवळ घाटावर उभे राहून तो पाहू लागला, तर तेथे कोणीच होऊन गेले नाही असे वाटेल. ह्या दोन्ही समजुती अर्थातच चुकीच्या आहेत. मृतांची आठवण ठेवण्याच्या ज्या निरनिराळ्या पद्धती नाशिक क्षेत्रात नांदल्या, त्यांपैकी प्रत्येकीने कोणते पुरावे मागे ठेवले आणि कोणाला त्या पुराव्यांच्या बाहेर ठेवले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. देह आणि दान

दहन ही येथील मूळची रीत व दफन ही बाहेरून आलेली, असा एक समज रूढ आहे. पुरातत्त्वाच्या साक्षीपुढे तो टिकत नाही. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव ह्यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि प्रवरेकाठचे जोर्वे ह्या दोन स्थळी उत्खनन केले व त्याचा वृत्तान्त १९५५ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. त्यातील दुसऱ्या स्थळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोर्वे संस्कृतीची माहिती पुढे नेवासे, इनामगाव इत्यादी ठिकाणच्या उत्खननांनी पुष्कळच वाढली. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ह्या संस्कृतीचे लोक आपल्या मृत बालकांना दोन मातीच्या कुंभांत, त्यांची तोंडे एकमेकांस जोडून, घराच्या जमिनीखालीच पुरत असत. प्रौढांनाही पुरण्याची चाल होती, व पुष्कळदा त्यांची पावले घोट्यापासून वेगळी केलेली आढळतात. मृत मनुष्य घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागील भावना असावी असा तर्क करण्यात आला आहे. तात्पर्य, गोदावरीच्या खोऱ्यातील सर्वांत जुनी ज्ञात दफनभूमी म्हणजे राहते घरच होय.

ऐतिहासिक काळात येताच चित्र बदलते. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरलेला प्रसिद्ध लेख आहे. तो गौतमी बलश्रीचा. आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी ह्याचे पराक्रम, त्याचे राज्यविस्तार, त्याने क्षहरातांचा केलेला उच्छेद ह्यांचे वर्णन करून ती राजमाता हे लेणे भिक्षुसंघास अर्पण करते. सातवाहनांच्या राजकीय इतिहासाचे साधन म्हणून ह्या लेखाचा ऊहापोह भरपूर झाला आहे. परंतु तो मुळात एका आईने मृत मुलाविषयी कोरविलेला मजकूर आहे, ह्या गोष्टीकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. नाशिक परिसरातील हा फार जुना स्मृतिलेख असून तो कबरीवर नाही, चितास्थानावर नाही. तो दानावर आहे. मृताचा देह कोठे पडला ह्याविषयी त्यात अवाक्षर नाही. स्मृती देहाच्या जागेशी न बांधता पुण्यकृत्याशी बांधावयाची, ही जी दृष्टी येथे प्रथम स्पष्टपणे दिसते, तीच पुढे अनेक शतके ह्या क्षेत्रात प्रभावी राहिली.

पेशवाईत तिचेच रूप घाट, कुंड व देवालये ह्यांत दिसते. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई हिने उत्तरायुष्य नाशिकजवळ गंगापूर येथे व्यतीत केले. विश्वासराव पानिपतावर १७६१ साली पडला, माधवराव १७७२ साली क्षयाने गेला, नारायणरावाचा १७७३ साली शनिवारवाड्यात खून झाला. तिन्ही पुत्रांमागे ही माता १७८८ साली निवर्तली. ज्या आनंदीबाईकडे नारायणरावाच्या वधाचा दोष लोकांनी दिला, तिचाही अंत १७९४ साली गोदावरीच्याच काठी, नाशिकलगतच्या आनंदवल्लीस झाला. मराठ्यांच्या राजकारणात एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या ह्या दोन स्त्रियांच्या अखेरच्या वर्षांची साक्ष काढावयाची झाल्यास अभ्यासकाला पेशवे दफ्तरातील पत्रांकडेच वळावे लागते. नदीचा काठ त्याला काही सांगत नाही.

२. रामकुंड आणि उपाध्यायांच्या वह्या

रामकुंड १६९६ साली बांधले गेले असे परंपरेने सांगतात. रामाने दशरथाचे श्राद्ध येथे केले अशी श्रद्धा असून कुंडातील अस्थिविलय तीर्थात टाकलेल्या अस्थी पाण्यात विरून जातात असे भाविक मानतात. महात्मा गांधींच्या अस्थींचा अंशही १९४८ साली येथे विसर्जित करण्यात आला. 'विलय' हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. दफनभूमी देहाला जागा देते, तर तीर्थ देहाची जागाच पुसून टाकते. मग मृताचे नाव कोठे राहते?

ते प्रथम विधीत राहते. श्राद्धकर्मात पिता, पितामह व प्रपितामह ह्या तीन पिढ्यांचा नामगोत्रपूर्वक उच्चार होतो. चौथी पिढी त्या उच्चारातून बाहेर पडते. अर्थात विधीची स्मृती ही मोजक्या पिढ्यांची असते. मृत पूर्वज हळूहळू नाव हरवून पितृगणांत मिसळतो. परंतु ह्या विस्मरणाला नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांनी एक व्यावहारिक उत्तर शोधले. यजमान आला की त्याचे नाव, आडनाव, गाव, पित्यापितामहांची नावे, भावांची व मुलांची नावे आणि आगमनाचा दिवस वहीत लिहून घ्यावयाचा, शक्य तर त्याची सही घ्यावयाची, आणि त्याचा वंशज पुढे कधी आला तर तीच नोंद काढून दाखवावयाची, अशी ही पद्धत आहे. हिचा हेतू इतिहासलेखनाचा नव्हे. कोणता यजमान कोणत्या उपाध्यायाचा, हा वृत्तीचा हक्क सिद्ध करण्याचा होता. तथापि हेतू कोणताही असो, परिणामी एक प्रचंड वंशावळीसंग्रह तयार झाला. ज्या घाटावर एकही स्मृतिशिला नाही, त्या घाटाजवळच्या घरांत हजारो मृतांची नावे कागदावर जपली गेली आहेत. नाशिकची खरी दफनभूमी, नावांच्या दृष्टीने पाहता, ह्या वह्यांत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र ह्या साधनाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. वही ही येणाऱ्याची नोंद करते. न आलेल्याची करीत नाही. प्रवासाचा खर्च ज्याला झेपला, दक्षिणा ज्याला देता आली, आणि तीर्थाच्या पायऱ्या ज्याला मोकळ्या होत्या, तोच तीत शिरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह ह्याच नगरात झाला, व तो पुढे काही वर्षे चालला. ज्या समाजांना देवालयाचे दार बंद होते, त्यांचे पूर्वज उपाध्यायांच्या वहीत कितपत सापडतील, हा प्रश्न अभ्यासकाने वही उघडण्यापूर्वीच स्वतःला विचारावयास हवा. स्मशानेही गावोगाव जातवार वेगळी होती हे विसरून चालणार नाही. मृत्यू सर्वांना समान करतो हे सुभाषित महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला लागू पडत नाही.

३. समाधी आणि दर्गा

दहनाच्या ह्या मुलखातही काही देह भूमीलाच दिले जात. संन्याशाला अग्निसंस्कार नसतो. लहान मूल पुरतात. लिंगायत, नाथपंथी गोसावी इत्यादी समाजांत दफनाचीच रीत आहे. ह्यांपैकी सत्पुरुषाच्या दफनस्थानाला 'समाधी' हे नाव मिळते, आणि नाव बदलताच त्या स्थानाचा अर्थही बदलतो. नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. ज्ञानदेवांचे हे ज्येष्ठ बंधू व गुरू शके १२१९, म्हणजे इ. स. १२९७ मध्ये समाधिस्थ झाले. पौष वद्य एकादशीला तेथे वारकऱ्यांची मोठी यात्रा भरते. यात्रेकरू तेथे मृताच्या स्मरणासाठी येत नाही; जो मेला असे तो मानीतच नाही, त्याच्या दर्शनासाठी येतो.

जुन्या नाशकातील सादिकशाह हुसेनी ह्यांच्या दर्ग्याविषयीही असेच म्हणता येईल. लोक त्याला 'बडी दर्गा' म्हणून ओळखतात. मोगल अमदानीत नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. ते नाव लोपले, पण त्या काळाशी नाते सांगणारा दर्गा लोकांच्या येण्याजाण्यात राहिला. दर्ग्याभोवती इतर कबरी असण्याचा प्रघात सर्वत्र आहे, कारण पुण्यपुरुषाच्या सान्निध्यात विसावावे अशी भाविकाची इच्छा असते. समाधिमंदिराच्या आवारात शिष्यांच्या लहान समाध्या असतात, त्यामागेही हीच भावना आहे. उरूस व यात्रा ह्या दोन्ही उत्सवांत मृत्युदिन हा शोकाचा न राहता भेटीचा होतो. फारसी वा अरबी लेख, संतचरित्रे, इनामाच्या सनदा हे ह्या स्थळांचे पुरावे होत. परंतु त्यांचे सर्वांत टिकाऊ साधन म्हणजे अखंड चालत आलेली पूजा. जेथे पूजा चालते तेथे दगड पुन्हा रंगविला जातो, चौथरा नव्याने बांधला जातो, व त्या श्रद्धेमुळेच मूळ लेख कधीकधी चुन्याखाली झाकला जातो. स्मृती जिवंत राहिली म्हणून पुरावा नष्ट झाला, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे.

४. शरणपूर

नाव, वय, दिनांक व व्यवसाय हे सर्व एकाच दगडावर कोरण्याची पद्धत नाशकात रुजली ती ख्रिस्ती दफनभूमीबरोबर. चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य येथे १८३२ साली सुरू झाले. पुढे विसाव्या वर्षानंतर, १८५० नंतरच्या दशकात, नगराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविण्यात आली. धर्मांतरामुळे ज्यांचे घर व जात सुटली, त्यांना राहावयास जागा व हाताला उद्योग मिळावा हा तिचा हेतू. 'शरणपूर' हे नाव त्यावरूनच पडले. आज नगर वाढून ही वसाहत त्याच्या पोटात आली असली, तरी नाव टिकून आहे.

ह्या वसाहतीत स्थानिक ख्रिस्तीजनांखेरीज आणखी एक वर्ग होता. हिंदी महासागरातील गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडीत असे व सोडविलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काहींना मुंबईस उतरविले जाई. त्यांतील अनेक शरणपूरच्या आश्रमात आली. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम इत्यादी शिकविले जाई. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये आफ्रिकेच्या आपल्या अखेरच्या प्रवासाला निघाला, तेव्हा नाशिकच्या आश्रमातील नऊ तरुण त्याने बरोबर घेतले. त्याच्या मदतीसाठी १८७२ साली आणखी काही पाठविण्यात आले. त्यांत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी, सध्याच्या झांबियातील चितांबो ह्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याच्या सोबत्यांनी त्याचे हृदय तेथील एका झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली, आणि झाडाच्या खोडावर नाव व तिथी कोरली ती त्यानेच. नंतर त्या सोबत्यांनी तो देह अनेक महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटिकेबरोबर जेकब उपस्थित होता.

ज्याने नाशिकजवळ अक्षर गिरविले, त्याच्या हातून एकोणिसाव्या शतकातील एक अत्यंत प्रसिद्ध मृत्युलेख आफ्रिकेच्या अरण्यात कोरला गेला. मात्र ह्या घटनेचे महत्त्व केवळ कुतूहलापुरते नाही. ह्या तरुणांची जी नावे उपलब्ध आहेत ती पाहावी : सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फॅरर. प्राइस, आयझेनबर्ग व फॅरर ही आडनावे मुंबई-नाशिककडील धर्मोपदेशकांची होत. बाप्तिस्म्याबरोबर मुलांना ती लाभली आणि त्यांची जन्मनावे बहुधा कायमची गेली. म्हणून शरणपूरसारख्या ठिकाणी इंग्रजी आडनाव वाचताच ते युरोपीयाचे समजणे हा उतावळेपणा ठरेल. ते आफ्रिकेतून पळवून आणलेल्या मुलाचे असू शकते, नगर जिल्ह्यातील एखाद्या धर्मांतरिताचेही असू शकते. नाव हा दगडावरील सर्वांत स्पष्ट भाग असतो, आणि तोच सर्वांत अधिक फसवा ठरण्याचा संभव असतो. दगडाची साक्ष बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्यावाचून तिचा उपयोग करू नये. १८७५ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही वसाहत स्थापिली व शरणपूरचे अनेक आफ्रिकी रहिवासी तिकडे गेले. जे त्याआधी येथेच वारले, ते मात्र दोन्ही किनाऱ्यांच्या इतिहासात उपेक्षित राहिले.

दहन व दफन ह्यांच्यातील सीमा धर्माच्या सीमेशी तंतोतंत जुळत नाही, हेही ह्याच संदर्भात नमूद करावयास हवे. ज्यांच्या शिक्षणाचा काही काळ नाशकात गेला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले. ख्रिस्ती असूनही आपल्या देहाचे दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दहन होऊन रक्षा अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील ख्रिस्ती दफनभूमीत ठेवण्यात आली. ज्यांचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, त्या लक्ष्मीबाई १९३६ साली नाशिक येथेच वारल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' हे कोणत्याही स्मृतिशिलेपेक्षा अधिक वाचले गेलेले स्मारक होय.

५. देवळाली

शरणपूरची दफनभूमी ही वस्तीची, तर देवळालीची ही छावणीची. नाशिकच्या आग्नेयेस असलेल्या ह्या लष्करी तळावर विलायतेहून आलेल्या व मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या पलटणी मुक्काम करीत. जहाजाची वाट पाहण्याचा तो कंटाळवाणा काळ इतका कुप्रसिद्ध झाला की वेड लागण्याच्या अर्थाने 'डूलॅली' हा शब्द त्या गावाच्या नावावरून इंग्रजी सैनिकी बोलीत आला. छावणीतील मृत्यू हे बहुधा रणांगणावरचे नसून आजाराचे असत. म्हणून अशा ठिकाणचे लेख हे युद्धेतिहासापेक्षा रोगेतिहासाचे साधन म्हणून अधिक मोलाचे आहेत. सैनिकांची वये व मृत्यूचे महिने ह्यांची नुसती सारणी केली तरी साथींचे ऋतू दिसू लागतात.

ह्या मृतांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष घडली : नाव एका ठिकाणी व देह दुसऱ्या ठिकाणी अशी फाटाफूट झाली. ज्या स्थळांची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, अशा पश्चिम व मध्य भारतातील स्थळांवरील दुसऱ्या महायुद्धातील कबरी पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानात एकत्र आणण्यात आल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात वारलेले जे सैनिक भारत व पाकिस्तानातील नागरी व छावणीच्या दफनभूमींत पुरले गेले आणि ज्यांच्या कबरींची निगा पुढे राखता आली नाही, अशा १,८०० हून अधिकांची नावे खडकी येथील स्मारकावर कोरण्यात आली. राज्यसंस्थेने आपल्या सैनिकांचे नाव जपले, हे खरे. पण ते जपताना मृत्यूचे स्थळ गौण मानले. गौतमी बलश्रीच्या लेखात जे दिसले, तेच येथे निराळ्या कारणाने पुन्हा दिसते.

६. ज्यांना जागा मिळाली नाही

राज्यसंस्था नाव जपते तशी ती नाव पुसतेही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी अनंत लक्ष्मण कान्हेरे ह्याने कलेक्टर जॅक्सनचा वध केला. संस्कृताचा व्यासंगी म्हणून जॅक्सनचा लौकिक होता; त्याने जमविलेल्या लोकसमजुतींच्या टिपणांचे ग्रंथरूप त्याच्या मृत्यूनंतर एंथोव्हेनने सिद्ध केले. बाबाराव सावरकरांवरील खटल्यामुळे क्रांतिकारकांचा रोष त्याच्यावर होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ह्या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, आणि त्यांचे देह नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यात आले नाहीत. अंत्ययात्रा व चितास्थान ही लोकांच्या एकत्र येण्याची ठिकाणे बनतील, ही भीती त्यामागे होती. स्मशान ही राजकीय जागा आहे हे सत्तेने इतिहासकारांच्या आधी ओळखले होते. पुढे नाशिकच्या एका मोठ्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे ह्यांचे नाव देण्यात आले. ज्याला चिता नाकारली त्याला मैदान मिळाले. परंतु ह्या दोहोंमध्ये अनेक दशकांचे अंतर गेले.

साथीत गेलेल्यांना तर असे नावही लाभले नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्लेगने नाशिक जिल्हा ग्रासला. देवळालीलगतच्या भगूर गावी १८९९ साली विनायक दामोदर सावरकरांचे वडील त्याच साथीत वारले, हे आपणांस माहीत आहे ते पुत्राच्या कीर्तीमुळे. त्याच सुमारास आसपासच्या घरांतून जे उचलले गेले त्यांची नोंद, असलीच तर, सरकारी मृत्युपुस्तकातील एका ओळीपुरती आहे. नाशिक नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली. तेव्हापासूनची नागरी कागदपत्रे म्हणूनच रामकुंडाच्या वह्या व शरणपूरचे दगड ह्यांना जोडणारा तिसरा दुवा ठरतात.

७. अभ्यासाची दिशा

वरील विवेचनावरून असे दिसते की नाशकात मृतांची स्मृती चार आधारांवर उभी आहे : दान, वही, पूजा आणि दगड. ह्यांपैकी एकही आधार सर्व मृतांना सामावून घेत नाही. दान हे समर्थांचे, वही ही यजमानाची, पूजा ही सत्पुरुषाची, आणि कोरीव दगड हा ज्याच्या मागे खर्च करणारे कोणी होते त्याचा. प्रत्येक साधनाचे मौन निराळे आहे. म्हणून एकाचे मौन दुसऱ्याच्या साक्षीने तपासावे लागते.

थडग्यांवरील लेखांच्या संकलनाची परंपरा भारतात नवी नाही. जे. जे. कॉटन ह्यांनी मद्रास इलाख्यातील अशा लेखांची यादी १९०५ साली प्रसिद्ध केली. लंडन येथे १९७६ साली स्थापन झालेल्या एका संस्थेने दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या नोंदीचे काम हाती घेतले. परंतु ह्या सर्व उद्योगांचा रोख युरोपीय मृतांवर राहिला. त्याच आवारात मराठीत कोरलेले स्थानिक ख्रिस्तीजनांचे लेख, गोसाव्यांच्या समाध्या, दर्ग्यांच्या आवारातील अनामिक कबरी ह्यांकडे संकलनकारांचे लक्ष गेले नाही. हे काम मराठी जाणणाऱ्यानेच करावयाचे आहे. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचीही स्थिती काळजी करण्यासारखी आहे. हरिद्वारच्या पंड्यांकडील वह्यांची सूक्ष्मचित्रे घेण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील वह्याही खाजगी मालकीच्या आहेत, आणि कुटुंब विभक्त झाले की वहीही विभागली जाते.

ह्या कामाला घाई आहे, कारण दगड, कागद व नगर ह्या तिघांचीही अवस्था बदलत आहे. चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात निवर्तले. त्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उभे आहे. ज्या डोंगरात गौतमी बलश्रीने मुलाचे नाव कोरविले, त्याच डोंगराच्या पायथ्याशी. थोरांना असे स्मारक मिळत राहील. उरलेल्यांसाठी मात्र अक्षरे पुसट होण्यापूर्वी दगड वाचावा लागेल आणि वाळवी लागण्यापूर्वी वही उघडावी लागेल.